जुनी स्प्लेंडर घरच्या घरी: पार्ट कसे बदलायचे, काय मॉडिफाय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

स्प्लेंडर १९९४ ला आली, आणि तिच्यातलं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन त्याच्याही आधी १९८५ च्या सीडी १०० पासून चालत आलेलं. म्हणजे गाडीची रचना चाळीस वर्षं जुनी आहे, आणि घरी काम करणाऱ्याला ही सगळ्यात सोयीची गोष्ट, कारण सेन्सर नाही, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) नाही, लॅपटॉप जोडायची भानगड नाही, पाने-पक्कड, एक साधा मल्टिमीटर आणि मोकळा रविवार एवढ्यावर भागतं. खाली जे सांगतोय ते २०१७ च्या आधीच्या, म्हणजे लाईटला बटण असलेल्या, किकवाल्या कार्बोरेटर स्प्लेंडरबद्दल आहे. पॅशन आणि सीडी डॉनलाही बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, जुन्या गाडीत कुठलाही पार्ट एकटा झिजत नाही. चेन गेली तर सॉकेटचे (स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) दातही गेलेले असतात, ब्रेकचे लायनर संपले तर त्यांना फाकवणारा कॅमही सुकलेला असतो, शॉकअपचं ऑइल सील फुटलं तर बऱ्याचदा पाईपच गंजलेला असतो. नवीन पार्ट बसवणं अर्ध्या तासाचं काम असतं, वेळ जातो तो शेजारचा पार्ट तपासण्यात, आणि तेवढंच टाळलं की दोन महिन्यांनी "घरी केलं म्हणून टिकलं नाही" असं ऐकायला लागतं.

हत्यारं

रस्त्यावर मिळणारा पन्नास नगांचा चकचकीत सेट घेऊ नका, त्यातले पाने पहिल्याच घट्ट नटाला फाकतात. तपारियासारख्या बऱ्या कंपनीचे ८ पासून २४ पर्यंतचे रिंग पाने सुटे घ्या, ८, १० आणि १२ चे टी पाने घ्या (ह्या गाडीचं निम्मं काम १० च्या टी पान्यावर होतं), एक रबरी हातोडी, सर्क्लिप पक्कड आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर. ह्या शेवटच्या वस्तूला लोक नाक मुरडतात, पण इंजिनच्या कव्हरचे फुलीचे स्क्रू वीस वर्षं कोणी हलवलेले नसतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला की डोकं गोल होतं, आणि मग छन्नी लावून तोडाफोडी करण्यात अख्खा दिवस जातो. इम्पॅक्टवर दोन ठोके दिले की स्क्रू कुरकुर करत सुटतो.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, नसेल तर डिझेल चालतं. सकाळी मारून सकाळीच पाना लावला तर काही उपयोग नाही, त्याला आट्यांत मुरायला वेळ द्यावा लागतो. नट हलत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेला द्या आणि मग सोडा, गंज तुटतो. इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची आहे हे कायम लक्षात असू द्या, तिथे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवायचा आणि मगच पाना, कारण वाकडा घुसलेला बोल्ट आटे घेऊन जातो आणि मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवायला लेथवाल्याकडे खेपा.

खोलताना मोबाईलवर फोटो काढत जा, आणि प्रत्येक कामाचे नट-वॉशर वेगळ्या वाटीत ठेवा. घरातल्या वाट्या वापरल्या तर त्याचे परिणाम तुमचे तुम्ही बघा.

पार्ट घेताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बाकी प्रत्येक तालुक्याच्या गावात बसस्टँडजवळ दोन-तीन स्पेअरची दुकानं असतातच. दुकानात जाताना जुना पार्ट पिशवीत घालून न्या. "स्प्लेंडरचं द्या" एवढं सांगून भागत नाही, कारण स्प्लेंडर, स्प्लेंडर प्लस, सुपर स्प्लेंडर, एनएक्सजी असे बरेच प्रकार झाले, सुपर स्प्लेंडर तर १२५ सीसीची वेगळीच गाडी आहे, आणि काउंटरवरचा पोरगा हातात जे येईल ते देतो. सॉकेटचे दात मोजा, बोल्टची भोकं जुन्यावर नवीन ठेवून बघा, चेनच्या कडीवर कोरलेला साईजचा नंबर वाचा, वायर असेल तर आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही लांबीला जुळवा.

डुप्लिकेट ओळखायची एक सोपी खूण सांगतो. हिरो आणि होंडाचं २०१० च्या डिसेंबरमध्ये वेगळं व्हायचं ठरलं आणि २०११ पासून कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं. त्यामुळे आज एकदम नव्या कोऱ्या बॉक्सवर 'हिरो होंडा' छापलेलं दिसलं तर तो एक तर वर्षानुवर्षं पडून असलेला माल आहे नाहीतर कोणीतरी गल्लीत छापलेला. रबरी पार्ट आणि ऑइल सील असा पडीक माल तर फुकट मिळाला तरी नको, रबर वापर न होताही कडक होतं. चेन सॉकेटला कंपनीचंच पाहिजे असं काही नाही, रोलॉन, डायमंड चांगलेच आहेत. ब्रेक, बेअरिंग, ॲक्सल ह्यात मात्र पैसे वाचवू नका. जुन्या बाजारातून साईड पॅनल, मोनोग्राम, टूल बॉक्सचं झाकण, फार तर टाकी आणायला हरकत नाही, पण ब्रेकचा पार्ट जुन्या बाजारातला घालून हायवेवर जाणारे लोक मला आजवर कळलेले नाहीत.

चेन सॉकेट: इथूनच सुरुवात करा

पहिल्यांदा हात घालत असाल तर हेच काम घ्या, कारण इंजिन उघडायला लागत नाही आणि फरक लगेच जाणवतो.

चेन गेली का हे ह्या गाडीत बाहेरून दिसत नाही, पूर्ण चेन कव्हर असतं. कव्हरला खाली एक गोल रबरी बूच आहे, ते काढून बोटाने चेन वर-खाली करून बघा, आणि चाक थोडं थोडं फिरवत वेगवेगळ्या जागी बघा. एका जागी तंग आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल तर ती चेन ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही, ती संपली. कव्हर काढल्यावर पक्कं मोजायचं असेल तर चेन ताणून धरा आणि २० कड्यांचं अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत घ्या. नवीन चेनला ते २५४ मिमी असतं, कारण एक कडी १२.७ मिमीची. २५९ च्या आसपास गेलं म्हणजे दोन टक्के ताणली, बदला.

गाडी डबल स्टँडवर घ्या. आधी डाव्या बाजूला इंजिनजवळचं सॉकेटचं कव्हर काढा. आत काळं घट्ट चिखल-ग्रीसचं लोणचं सापडेल, ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडून रॉकेलने धुवा. त्याच्या मागे गिअर शाफ्टचं सील आहे, तिथून ऑइल पाझरतंय का हे कोरडं पुसून बघून ठेवा, पाझरत असेल तर सील आत्ताच बदलायचं, परत हे सगळं खोलायला लागणार नाही. मग पुढच्या सॉकेटच्या पत्तीचे दोन १० चे बोल्ट चेन जागेवर असतानाच ढिले करा, दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. चेन काढल्यावर सॉकेट गरागरा फिरतं आणि बोल्ट काही सुटत नाही.

आता मागे. स्प्लेंडरच्या मागच्या चाकाची एक खासियत आहे जी पंक्चरवाल्याला माहीत असते पण मालकाला नसते. ॲक्सल ओढून काढला की उजवीकडचा बुश खाली पडतो आणि चाक बाहेर येतं, पण मागचं सॉकेट चेनसकट तिथेच स्विंग आर्मला राहतं, कारण त्याला डाव्या बाजूला स्वतःचा वेगळा मोठा नट आहे, ज्याच्या आतून ॲक्सल जातो. पंक्चरला हे वरदान आहे. सॉकेट बदलायचं असेल तर मात्र तो मोठा नटही काढायचा. आणि चेन ॲडजस्ट करतानाही ॲक्सलचा नट आणि हा मोठा नट दोन्ही ढिले करायचे असतात. बहुतेक लोक फक्त ॲक्सलचा ढिला करून ॲडजस्टर ओढत बसतात, डावी बाजू जागची हलत नाही, चाक तिरकं बसतं, आणि मग नवीन सॉकेटचे दात एका बाजूने घासून वर्षभरात टोकदार होतात.

चाक काढण्याआधी ब्रेक प्लेटला स्विंग आर्मशी बांधणारी पट्टी आणि ब्रेक रॉड सोडा. पट्टीच्या नटाला स्प्लिट पिन असते ती फेकून नवीन घ्या, दोन-चार रुपयांची वस्तू आहे. ही पट्टी परत लावायची राहिली तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला अख्खी ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं, म्हणून बसवून झाल्यावर दुसऱ्या कोणाला तरी दाखवून खात्री करा.

चाक हातात आहे तर हबमधले रबर बघा. सॉकेटची फ्लँज त्या रबरांत बसते, आणि ती रबरं दबली असतील तर गिअर टाकताना 'खट्' असा झटका येतो, लोक त्याला गिअरबॉक्सचा आवाज समजून घाबरतात. फ्लँज हबमध्ये घालून हाताने मागे-पुढे करा, सैल वाटली तर रबराचा सेट बदला. फ्लँजचं बेअरिंग आणि चाकाची बेअरिंगं बोट घालून फिरवा. खरखर लागली की चर्चा नाही, बदला. बेअरिंग ठोकताना बाहेरच्या रिंगवर समान ठोका पडला पाहिजे, जुनंच बेअरिंग वर ठेवून ठोकलं तर सरळ जातं.

सगळं बसवताना पुढचं सॉकेट, मागचं सॉकेट आणि चेन तिन्ही नवीन. जुन्या सॉकेटवर नवीन चेन घालणं म्हणजे दोन्हीचे पैसे पाण्यात. चेन लॉकची क्लिप लावताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. मग दोन्हीकडच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या करा, चेन सगळ्यात तंग लागते ती जागा शोधा आणि तिथे वर-खाली मिळून २० ते ३० मिमी खेळ ठेवा. जास्त तंग ठेवली की चेन तर ताणतेच, वर शाफ्टचं बेअरिंगही ओरडायला लागतं. दोन माणसं बसून रोज जायचं असेल तर ३० च्या बाजूला ठेवा. नट आवळून झाले की परत एकदा खेळ बघा, आवळताना तो कमी होतो.

ब्रेक

ह्या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आणि तेही छोटे, म्हणून ते पूर्ण क्षमतेने चालले पाहिजेत. ब्रेक प्लेटवर बाहेर एक खूण आणि आर्मवर बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला की लायनर संपले.

ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका आणि हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, ते फुप्फुसात जाणं वाईट. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत घालून टाकून द्या. ड्रमच्या आत नख फिरवा, खोल चर लागले किंवा कडेला काठ तयार झाला असेल तर आत कोरलेल्या कमाल मापाशी ताडून बघा, त्याच्या पुढे गेलेला ड्रम लेथवर घासून वाचवायच्या फंदात पडू नका. नुसता चकाकत असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-तिडवं घासा.

लायनर बसवायची युक्ती अशी: दोन्ही स्प्रिंगा लायनरना आधीच लावून घ्या, जोडी पुस्तकासारखी अर्धवट मिटवून प्लेटवर ठेवा आणि दोन्ही कडा खाली दाबा, टक्कन बसतात. स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग ओढत बसलात तर ती डोळ्याच्या दिशेनेच उडणार. त्याआधी कॅम बाहेर काढून गंज घासा आणि एपी-३ ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकंच लावा, जास्त लावलं की गरम होऊन लायनरवर येतं आणि मग ब्रेक लागतच नाही. कॅम काढताना आर्म कुठल्या दातावर होता त्याची खूण करा.

पुढचं चाक बसवताना ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या नळीवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. मागच्या पट्टीचं जे काम, तेच पुढे ह्या खाचेचं. मीटरच्या वायरीची गरारी पण ह्याच बाजूला, तिचे दोन कान हबच्या खाचेत बसले का ते चाक फिरवून बघा, नाहीतर ॲक्सल आवळताना कान तुटतात आणि काटा शून्यावर झोपतो. ॲक्सल पूर्ण आवळण्याआधी चाक फिरवून ब्रेक दाबून धरा आणि मग नट आवळा, लायनर ड्रममध्ये मध्यावर बसतात. पॅडलला २० ते ३० मिमी खेळ. मागचा ब्रेक ॲडजस्ट केला की ब्रेक लाईटचा स्विच पण ॲडजस्ट करायचा, हे शंभरातले नव्वद जण विसरतात आणि मागचा माणूस येऊन आदळतो.

नवीन लायनर पहिले काही दिवस कमी पकडतात, पूर्ण पृष्ठभाग घासून जुळेपर्यंत अंतर ठेवून चालवा.

वायरी

क्लच, ॲक्सिलेटर, ब्रेक, मीटर. क्लचची तार लिव्हरजवळ एकेक धागा तुटत जाते, दोन धागे तुटलेले दिसले की बदला, ती नेहमी घाटातच तुटते. नवीन वायर बसवण्याआधी उभी टांगून वरून इंजिन ऑइलचे थेंब सोडा, खालून बाहेर येईपर्यंत. वायर जुन्या वाटेनेच न्या, म्हणून काढण्याआधी फोटो. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी खेळ हवा, बिलकुल खेळ नसेल तर प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहतात, घसरतात आणि जळतात. बसवून झाल्यावर गाडी चालू करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा, वळवताना रेस वाढली तर ॲक्सिलेटरची वायर ताणली जातेय, तशीच रस्त्यावर नेऊ नका. लिव्हरची पिन आणि भोक लंबगोल झालं असेल तर लिव्हरही बदला, नाहीतर नवीन तारही त्याच जागी कापेल.

शॉकअपचं ऑइल सील

पाईपवरून ऑइल ओघळून ब्रेकपर्यंत पोचायला लागलं की हे काम टाळता येत नाही. पण सील आणण्याआधी पाईपवर नख फिरवा. सील जिथे घासतं तेवढ्या पट्ट्यात गंजाचे खड्डे लागले तर नवीन सील महिनाभरही टिकत नाही, आधी पाईपचा बंदोबस्त करा. पाईपला हार्ड क्रोम करून देणारे असतात, नाहीतर नवीन पाईप.

खोलताना क्रम महत्त्वाचा. वरचा बोल्ट आणि तळातला ॲलनचा बोल्ट दोन्ही शॉकअप गाडीला घट्ट असतानाच ढिले करून ठेवा. सुटा काढल्यावर तळातला बोल्ट फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरत राहतो. वरचा बोल्ट शेवटच्या आट्याला आला की तोंड बाजूला ठेवा, खाली दाबलेली स्प्रिंग आहे. सीलवरचं लॉक काढून जुनं सील उचकटताना नळीच्या कडेला फडकं ठेवा, ओरखडा पडला की तिथूनच गळणार. नवीन सीलची आतली स्प्रिंगची बाजू खाली, ऑइलकडे. पाईपच्या वरच्या टोकावरून सील ढकलताना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ऑइल लावा, ओठ कापला जात नाही. ऑइल दोन्हीकडे मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. आतून निघालं तेवढंच परत भरायचं हा हिशोब इथे चालत नाही, कारण निम्मं आधीच गळून गेलेलं असतं.

हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखं होत असेल तर ते कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं आणि त्यांचे कप. बदलता येतो घरी, पण जुने कप ठोकून काढणं आणि नवीन सरळ बसवणं ह्याला सवय लागते, पहिल्या फेरीत मी तरी सुचवणार नाही. बोअर, क्रँक, मॅग्नेट काढणं ही कामंही पुलर आणि मापाची हत्यारं असलेल्याकडेच द्या.

पेट्रोलची लाईन

२०२३ पासून पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. आपल्या गाडीचे रबर त्या काळात त्यासाठी बनवलेलेच नाहीत. पाईप कडक होतो, फुगतो, कार्बोरेटरच्या वाटीची ओ-रिंग ताणून मोठी होते आणि परत खाचेत बसत नाही. म्हणून पाईप, कॉकचं वॉशर आणि ओ-रिंगचा किट एकदाच बदलून टाका. जेट साफ करताना तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच. कार्ब क्लीनर आणि हवा एवढंच. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवा.

लाईट: सगळ्यात जास्त फसवणारं मॉडिफिकेशन

पिवळा मिणमिणता लाईट हे जुन्या स्प्लेंडरचं खरं दुखणं, आणि म्हणून प्रत्येकजण पहिल्यांदा एलईडी बल्ब आणतो. तो लावतो, स्लो रेसला फडफडतो, आणि बरेचदा थोड्या दिवसांत उडतो. कारण बल्बात नाही, गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. ह्या गाडीचा हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही, तो थेट मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) कॉइलच्या एसी करंटवर चालतो, म्हणूनच रेस दिली की उजेड वाढतो आणि सोडली की मंदावतो. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र बॅटरीच्या डीसीवर. बाजारातले बहुतेक एलईडी डीसीचे असतात.

मल्टिमीटर एसीवर ठेवून हेडलाईटच्या कपलरला लावा, गाडी चालू करून रेस द्या, आकडा दिसेल. आता "सरळ बॅटरीवरून देऊ" हा विचार येतो, तर बॅटरी फक्त १२ व्होल्ट अडीच एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणीचं माप) ची आहे आणि तिला चार्ज करणारी कॉइल तेवढ्यापुरतीच. ३५ वॅटचा बल्ब तिच्यावर टाकला तर ती बॅटरी थोड्याच वेळात बसते. पूर्ण डीसी करायचं असेल तर कॉइलची अर्थिंग तोडून दोन्ही टोकं बाहेर काढायची, फुलवेव्ह रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) घालायचा, जास्त एएचची बॅटरी आणि हेडलाईटला रिले. होतं चांगलं, पण मॅग्नेट कव्हर उघडून कॉइलची सोल्डरिंग करायला लागते.

त्यापेक्षा माझं म्हणणं, आधी जे आहे ते नीट करा. हेडलाईटच्या आतला चांदीचा रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर पूर्ण हेडलाईट युनिट बदला, नवीन ३५/३५ वॅटचा बल्ब टाका, अर्थिंगची वायर फ्रेमला जिथे बसते तिथला रंग आणि गंज खरवडून घट्ट करा, कपलरचे टर्मिनल साफ करा. नुसत्या अर्थिंगने कितीतरी फरक पडतो. तरीही एलईडीच हवा असेल तर एसी-डीसी दोन्हीवर चालणारा घ्या, आणि रात्री भिंतीसमोर लावून बघा. डिपरला उजेडाची वरची कड सरळ कापलेली दिसली पाहिजे, सगळीकडे फाकत असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार.

बाकी मॉडिफिकेशन

सॉकेटचे दात बदलून गाडीचा स्वभाव बदलता येतो आणि हे स्वस्तात होतं. हिशोब सोपा आहे, मागचे दात भागिले पुढचे. समजा मागे ४२ आणि पुढे १४, तर ३. पुढे १५ घातला तर २.८, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन साधारण सात टक्के कमी फिरतं, सपाट रस्त्याला बरं, पण आंबा घाटात डबल सीट असाल तर गिअर खाली टाकत बसाल. पुढे १३ घातला तर उलटं. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन दात. चेनची लांबी पुरते का हे बघायला विसरू नका.

टायर मूळचा २.७५-१८ आहे. मागे ३.००-१८ बऱ्याच गाड्यांना बसतो, पण चेन कव्हर आणि स्विंग आर्मपासून दोन्हीकडे जागा राहते का ते चाक फिरवून बघा, नुसतं उभं असताना नाही, मागे माणूस बसवून. पुढच्या टायरचा साईज बदलला तर मीटर चुकतं, कारण मीटर पुढच्या चाकावरून चालतो.

हँडल बदलायचं म्हटलं की उंच हँडलला वायरी कमी पडतात, खाली बसणाऱ्या हँडलला त्या दुमडतात आणि लिव्हर टाकीला आपटतो. कॅफे रेसरच्या नादात मागची सीट कापून, मडगार्ड काढून, फ्रेमची शेपूट ग्राइंडरने उडवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. फ्रेम कापू नका. वेल्डिंग कितीही सुंदर दिसलं तरी तिथला लोखंडाचा ताण कसा बदलला हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कागदाचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलंय. आपल्या गाडीला हे जास्त भोवतं, कारण पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत न्यावी लागते, आणि नंतर दर पाच वर्षांनी. तिथे फटाक्या सायलेन्सर, गायब इंडिकेटर, वाकडी नंबर प्लेट घेऊन गेलात तर परत पाठवतात. मूळ सायलेन्सर, आरसे, मडगार्ड बदलले असतील तर फेकू नका, पोत्यात घालून माळ्यावर ठेवा.

पहिली राईड

सगळं झाल्यावर लगेच कामाला घेऊन जाऊ नका. डबल स्टँडवरच गाडी चालू करा, पहिला गिअर टाकून मागचं चाक फिरताना चेन कव्हरला घासते का ते ऐका, ब्रेक लाईट, हॉर्न, इंडिकेटर बघा. मग गल्लीतच वीसच्या स्पीडला पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा मारून बघा. एक राऊंड मारून आलात की दोन्ही चाकांच्या हबला हात लावा, एक गरम आणि एक गार असेल तर गरमवाल्याचा ब्रेक धरून ठेवतोय, खेळ वाढवा. ह्या गाडीला डिकी नसतेच, म्हणून १० चा टी पाना आणि ॲक्सलचा पाना फडक्यात बांधून टूल बॉक्समध्ये टाका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ॲक्सल, ब्रेकची पट्टी, हँडलचे क्लॅम्प, सॉकेटचे नट परत एकदा आवळून बघा. नवीन चेन सुरुवातीला थोडी ताणतेच, तीनशे ते पाचशे किलोमीटरच्या आसपास ते रबरी बूच परत काढा आणि खेळ तपासा, आणि ॲडजस्ट करताना तो डावीकडचा मोठा नट पण ढिला करायचाय.